खतीजाचं तिसरं नाही

खतीजाचे पुढचे दोन दात खोटे आहेत. खरे कसे गेले ते आमच्या अख्ख्या शाळेला माहीत आहे, आणि तरी जो तो वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं, बाई वेडी आहे, भर समारंभात किंचाळत सुटली. कुणी म्हणतं, तिनेच आधी हात उचलला. अहो, मी तिथे होते! स्टेजच्या पायऱ्यांपाशी, दोन हातांवर उभी. तेव्हा माझ्याकडून ऐका आणि मध्ये बोलू नका, मला मध्ये बोललेलं खपत नाही.

मी साधना. मूळची ठाण्याची. दुबईतल्या एका ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत रिसेप्शनला बसते. माझ्या नाकावर राग असतो असं नवरा म्हणतो. असतो, खोटं कशाला बोलू? पण खतीजाचा राग वेगळा. माझा फडफडतो आणि विझतो. तिचा आत धुमसत राहतो.

ती शाळेच्या बसवर आहे. मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे, उलटी झाली तर पुसायची, उतरताना हाताला धरून आईच्या हातात द्यायचं. इथे त्या बायकांना नॅनी म्हणतात. बस शाळेची नाही, एका कंत्राटदाराची, आणि खतीजा त्या कंत्राटदाराची. इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत एका फ्लॅटमध्ये बंकबेडच्या खालच्या खाटेवर राहते. मीही तिथलीच, दोन इमारती सोडून. म्हणून ओळख वाढली.

ती श्रीवर्धनजवळच्या खाडीकाठच्या गावची. विशीच्या आतच लग्न झालं. नवरा कतारला. वर्षभर तिकडे, मग सुट्टीवर घरी. "सुट्टीवर यायचा आणि सुट्टीभर मारायचा," ती सांगते. जेवणात मीठ जास्त म्हणून, मीठ कमी म्हणून, शेजारणीशी हसली म्हणून. एकदा कानशिलात अशी ठेवून दिली की डाव्या कानाचा पडदा फाटला. अजून त्या बाजूने कुणी बोललं तर तिला कळत नाही. शेवटच्या सुट्टीत त्याने तिचं डोकं धरून पाट्यावर आपटलं. तेव्हा तिच्या हाताला वरवंटा लागला. तिने तो उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला.

"हाड मोडल्याचा आवाज उजव्या कानाने ऐकला मी, साधना बाय," ती म्हणते आणि हसते. हसताना तोंडावर पदर घेते. मग माहेर, तलाक, आणि पुढे कुणाच्या तरी ओळखीने दुबई. आधी घरकाम, मग बस.

तर अशी ही बाई. बसमध्ये कुणी कुणावर हात टाकला की हिच्या अंगात यायचं. एकदा वरच्या वर्गातल्या एका धटिंगणाने लहान मुलाचा गळा आवळला. पोराचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. खतीजा मध्ये घुसली. धटिंगणाच्या हातात कंपासमधलं कर्कटक होतं, ते त्याने तिच्या तळहातात खुपसलं. तिने त्याच रक्ताळलेल्या हाताने त्याचा कान धरला आणि त्याला सीटच्या खाली बसवला. नंतर तक्रार कुणावर झाली? हिच्यावर! मुलाला हात लावला म्हणून कंत्राटदाराने वॉर्निंग दिली. ती वॉर्निंग मीच तिला वाचून दाखवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती म्हणाली, "खलास, जाऊ दे. पोरगं जिवंत आहे ना?"

ईश्वरी तिच्या बसमधली. चौदा वर्षांची, बारीक, मान खाली घालून चालणारी. बसमध्ये कायम खतीजाच्या मागच्या सीटवर बसायची. खतीजा रोज प्रत्येक मुलाला चढताना एकच विचारते, "काय, बरी आहेस ना?" बाकीची मुलं उत्तरसुद्धा देत नाहीत, कानात ते गाण्याचं असतं. ईश्वरी मात्र दर वेळी मान वर करून सांगायची, "आय एम फाइन, आंटी."

ती फाइन नव्हती. आधी पट्टा लावताना ती कळवळली. मग एक दिवस कानामागे केसांचा पुंजका गायब, मुळापासून ओढून काढलेला. मग उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. इथला उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, बसच्या दांडीला हात लावला तरी चटका बसतो. खतीजाने बाही वर सरकवली. दंडावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, ताजा, ओला. ईश्वरीने बाही खाली ओढली आणि म्हणाली, "आय फेल, आंटी."

"इस्त्रीवर कोण पडतं गे?" खतीजा मला म्हणाली.

आता तिचा बाप. विजयकुमार. सगळे त्याला व्हीके सर म्हणतात. पुण्याचा, मोठ्या कंपनीत फायनान्सला. काय माणूस, काय माणूस! गणपतीला पुढे, मराठी मंडळात पुढे, शाळेच्या कम्युनिटी कामात तर सगळ्यात पुढे. रमजानमध्ये मुलांना घेऊन मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पवर जेवणाचे डबे वाटायला जायचं, थंडीत ब्लँकेटं, उन्हाळ्यात ताकाच्या बाटल्या. शाळेच्या प्रत्येक फोटोत तो मधोमध. रिसेप्शनला आला की मला "साधनाताई, कशा आहात?" असं इतकं गोड विचारायचा की मीही दोन वेळा चहा पाजला. विष घालायला हवं होतं त्यात.

एकदा मी त्यांच्याबरोबर कॅम्पवर गेले होते. ईश्वरीच्या हातून बाटल्यांचा खोका निसटला, चार-पाच फुटल्या. व्हीके हसत पुढे आला, "अरे, हो जाता है!" म्हणत तिच्या मानेवर हात ठेवला आणि फोटोसाठी उभा राहिला. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बाप लेकीला जवळ घेतोय. मी जवळ होते. त्याचा अंगठा तिच्या मानेत रुतला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्याने तो काढला नाही, आणि तोवर तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. समोर रांगेत एक बिहारी कामगार उभा होता. त्याला ते दिसलं. त्याने रांग सोडली, खोका उचलला आणि ईश्वरी आणि तिच्या बापाच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याला पुढे ढकलून दिलं गेलं.

मग मात्र मी खतीजाला हाताला धरून समुपदेशक बाईंकडे नेलं. ती बोलली, मी इंग्रजीत सांगितलं. डाग, केस, मान, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. आईबापांना बोलावलं. व्हीके खजुराचा डबा घेऊन आला. आई, रिद्धी, शेजारी बसली होती, तीही पूर्ण बाह्यांत. बाईंनी ईश्वरीला त्या दोघांच्या समोर विचारलं. समोर, अहो! पोरगी म्हणाली, जिन्यावरून पडले. व्हीके म्हणाला, "शी इज व्हेरी क्लम्सी," आणि सगळे हसले. बाईंनी ठरवलं की लक्ष ठेवायचं. लक्ष!

दुसऱ्या दिवशी ईश्वरी बसमध्ये चढली तेव्हा तिच्या डाव्या हाताची करंगळी उलटी वळलेली होती. खतीजाने तिला तोंड धुवायच्या बाटलीतलं गार पाणी लावलं. ईश्वरी कुजबुजली, "प्लीज डोन्ट टेल, आंटी. ही गेट्स वर्स." खतीजाला इंग्रजी येत नाही, पण तेवढं तिला कळलं. आम्ही तोंड उघडलं त्याची किंमत पोरीच्या बोटाने भरली होती.

असे दिवस चालले होते आणि उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली. सगळे खुशीत. खतीजाचं मात्र जेवण सुटलं. मी रागावले, म्हटलं, "तुला काय झालंय? मरायचंय का?"

ती म्हणाली, "साधना बाय, सुट्टी म्हणजे काय ते मला विचार. आता रोज सकाळी निदान बस येते. पोरगी दाराबाहेर पडते, कुणीतरी तिला बघतं, म्हणून तो हात आवरतो. सुट्टीत बस नाही. काल पोरीने विचारलं मला, समरमध्ये बस नसते ना आंटी? सप्टेंबरात ती पायरी चढायला असेल का नाही, कुणास ठाऊक." आणि मग ती तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. आपण काही करायला गेलो की पोरगी मार खाते, नाही केलं तरी खाते. दोन्हीकडून पोरीचाच जीव.

आता शाळेचा तो समारंभ. आमच्या प्रिन्सिपल प्रोबर्ट मॅडम वेल्सच्या, नुकत्याच आलेल्या. त्यांच्या देशात गाणी, कविता, नाच यांचा मोठा मेळा भरतो, आयस्टेथवड म्हणतात त्याला. नाव म्हणायला माझी जीभ आठवडाभर वळली नाही. मॅडमनी ठरवलं, वर्षाच्या शेवटचा बक्षीस समारंभ तसाच करायचा. मुलांची बक्षिसं, कम्युनिटीत राबणाऱ्यांचा सत्कार, आणि सगळ्यात शेवटी उत्तम कवितेला एक खुर्ची. खरी, लाकडी, कोरीव खुर्ची! कविता टोपणनावाने द्यायची. स्टेजवरून टोपणनाव पुकारलं की ज्याची असेल त्याने गर्दीत उभं राहायचं. तोवर कुणालाच माहीत नसतं.

आणि एक तलवार. विजेता खुर्चीशी उभा राहिला की त्याच्या डोक्यावर तलवार आडवी धरायची, म्यानातून अर्धी बाहेर काढायची आणि लोकांना विचारायचं, शांती आहे का? लोकांनी ओरडायचं, शांती! असं तीनदा. मग तलवार म्यानात आणि विजेता खुर्चीत. तलवार इथल्या देरा भागातल्या बाजारातून मीच आणली, शोभेची, धार नसलेली, पितळी पट्ट्यांचं जड म्यान. साडेतीनशे दिरहम, म्हणजे आपले आठ हजार तरी. घासाघीस करून घसा बसला माझा. म्यान कोण धरणार? वर्षाचे कम्युनिटी चॅम्पियन. व्हीके सर.

एका संध्याकाळी चहा पिताना मी हे खतीजाला सांगत होते. तिलाही बोलावणं होतं, कारण मॅडमनी बसवाल्यांसाठी, सफाईवाल्यांसाठी, सगळ्यांसाठी हॉलमध्ये खुर्च्या ठेवायला सांगितल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, कम्युनिटी म्हणजे हे लोकसुद्धा.

"तीनदा विचारतात?" खतीजाने कप खाली ठेवला.

"हो. एकदा वेल्शमध्ये, एकदा अरबीत, एकदा इंग्रजीत."

"निकाहसारखं."

"तसंच म्हण."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

मी हसले. "कोण कशाला म्हणेल? पण मॅडमना एका मुलाने विचारलं होतं तेच. त्या म्हणाल्या, हा खेळ नाही. एक जरी माणूस नाही म्हणाला, तरी तलवार म्यानात जात नाही. सगळं तिथेच थांबतं."

खतीजाने परत कप उचलला नाही. चहावर साय धरली.

समारंभाचा दिवस सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. हॉल खचाखच. एसी चालू असूनही घामाचा, अत्तराचा, समोशांचा वास. बक्षिसं झाली, टाळ्या झाल्या. मग व्हीकेचा सत्कार. शाल नाही, पण शालीच्या ऐटीत उभा राहिला. "सेवा हाच धर्म" वगैरे बोलला, अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. मराठी मंडळाच्या बायकांनी शिट्ट्या वाजवल्या. मग तो तिथेच स्टेजवर थांबला, म्यान हातात घेऊन. तलवारीची मूठ प्रोबर्ट मॅडमच्या हातात.

कवितेचं टोपणनाव पुकारलं. 'मागची सीट', पण इंग्रजीत. सगळे माना वळवून बघतायत. आणि मधल्या रांगेतून ईश्वरी उभी राहिली.

मी बापाकडे बघितलं. त्याला माहीत नव्हतं. त्याला गणितात तीन मार्क कमी पडलेले माहीत होते, त्यासाठी त्याने इस्त्री तापवली होती हे आम्हाला मागाहून कळलं, पण पोरगी कविता लिहिते हे माहीत नव्हतं. त्याच्या कपाळावरची शीर टरारली. मग लगेच हसू आलं तोंडावर, मोठं, सगळे दात दाखवणारं.

ईश्वरी पायऱ्या चढून खुर्चीपाशी आली. त्याने तलवार डोक्यावर धरायची म्हणून म्यान उचललं. फक्त उचललं हो! आणि पोरीने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली वाकली. अख्खा हॉल हसला. त्यांना वाटलं, लाजली. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. बाप ओठ न हलवता मराठीत म्हणाला, "सरळ उभी राहा. घरी चल, मग बघतो." आणि पोरीच्या पायांतून, पांढऱ्या मोज्यांवरून, लघवीची धार खाली आली. मला पायरी चढून त्याच्या नरड्याचा घोट घ्यावासा वाटला. तरी मी उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ती वळलेली करंगळी होती.

मॅडमनी तलवार अर्धी ओढली. वेल्शमध्ये विचारलं. मुलांना पढवलेलं होतं, सगळा हॉल ओरडला. त्या ओरडण्यात मागून कुठूनतरी एक "नाही" आलं, पण ते विरून गेलं. मला वाटलं, भास झाला.

परत तलवार. अरबीत विचारलं. "सलाम!" हॉल गरजला. परत ते "नाही". या वेळी मी ओळखलं.

तिसऱ्यांदा मॅडमनी इंग्रजीत विचारलं. हॉल ओरडला, "पीस!" आणि शांत झाला. खतीजा या वेळी थांबली होती. सगळ्यांचा आवाज संपू दिला. मग ती शेवटच्या रांगेत खुर्चीवर चढून उभी राहिली, आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "नाही! नाही शांती! नो! नो!"

मग एकदम कुजबुज. व्हीके हसत माईककडे वाकला. "इट्स ओके, शी इज जस्ट द बस नॅनी. पूअर थिंग, समजलं नाही तिला." काही लोक हसलेसुद्धा. प्रोबर्ट मॅडम हसल्या नाहीत. मॅडमनी तलवार तशीच धरून ठेवली, अर्धी बाहेर, आणि विचारलं, "नाही कोण म्हणालं? पुढे या."

खतीजा मधल्या वाटेने चालत आली. बसचं निऑन जॅकेट घातलेली, पायात सपाता. पालक पाय आखडून घेत होते. ती स्टेजवर चढली, ईश्वरीजवळ गेली आणि तिचा हात हातात घेतला. "साधना बाय, सांग त्यांना," ती मला म्हणाली. मी तोंड उघडलं.

माझं पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. व्हीकेने म्यान हिसडून काढलं. मॅडमच्या हातात नुसती नंगी तलवार राहिली. त्याने ते पितळी म्यान दोन्ही हातांनी फिरवलं आणि खतीजाच्या तोंडावर हाणलं. असा आवाज झाला की पुढच्या रांगेतली मुलं किंचाळली. तिच्या तोंडातून रक्ताबरोबर काहीतरी पांढरं उडून माझ्या साडीवर पडलं. तिने हात सोडला नाही. त्याने परत मारलं, या वेळी त्या हातावर, पोरीच्या आणि तिच्या धरलेल्या हातांवर. "माझ्या घरात नाक खुपसतेस? दोन दमड्यांची बाई!" आता तो मराठीत ओरडत होता. सगळा गोडवा, सगळं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं होतं. तिसऱ्यांदा म्यान वर गेलं तेव्हा ते ईश्वरीच्या डोक्यावर होतं. खतीजा मध्ये आली आणि तो फटका तिने पाठीवर घेतला.

तोवर तिच्या बसचा ड्रायव्हर तय्यब मागून धावत आला होता. त्याने व्हीकेच्या कमरेला मिठी घातली आणि दोघे खुर्चीवर आदळले. पीटीच्या सरांनी त्याच्या पाठीवर गुडघा रोवला. तो खाली पडूनही लाथा झाडत होता. आणि मी? मी त्याच्या मनगटावर माझी चप्पल ठेवली आणि दाबली. हो, दाबली. परत वेळ आली तर परत दाबेन.

मग रिद्धी, ईश्वरीची आई, उठली. धावली नाही, रडली नाही. स्टेजवर आली, लेकीजवळ बसली आणि तिच्या गणवेशाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. इस्त्रीचे डाग होते. एक नाही, वरपासून खालपर्यंत. मग तिने स्वतःची बाही गुंडाळली. ज्या बायकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या त्यातली एक तोंड दाबून बाहेर पळाली.

पोलीस आले, त्यांच्यात मुलांचं काम बघणाऱ्या दोन बायका होत्या. व्हीकेला त्यांनी नेलं तेव्हा तो सगळ्यांना "गैरसमज झालाय, गैरसमज" असं सांगत होता. मॅडम अजून तलवार धरून उभ्या होत्या. कुणीतरी म्यान उचलून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी मान हलवली. तलवार तशीच, उघडी, टेबलावर ठेवली आणि समारंभ संपल्याचं सांगितलंच नाही. लोक आपापले निघून गेले.

हॉस्पिटलात मी खतीजाजवळ बसले होते. तोंड सुजून एवढं झालेलं, हाताला प्लास्टर. मी खूप बोलले तिला. "वेडी आहेस का? त्याने डोकं फोडलं असतं म्हणजे? मला सांगायचं होतंस!" राग नव्हता तो, भीती होती, पण माझं सगळं रागाच्याच वाटेने बाहेर पडतं.

ती उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होती. मग सुजल्या ओठांतून, थांबत थांबत बोलली. "माझ्या निकाहच्या दिवशी मी खिडकीत होते. नवरामुलगा मांडवात होता. त्याच्या धाकट्या भावाच्या हातून सरबत सांडलं. त्याने त्याला अशी लाथ मारली की पोरगं बिर्याणीच्या डेगीवर पडलं, हात भाजला त्याचा. मी बघितलं, साधना बाय. मग निकाहचा वकील आणि साक्षीदार आत आले. तीनदा विचारलं, कबूल आहे? बाहेर माणसं बसलेली, जेवण तयार, बापाची मान वर. तीनदा मी हो म्हटलं. विचारतात म्हणजे नाहीसुद्धा म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी चहा पिताना तू सांगितलंस."

मी तिच्या खाटेच्या दांड्यावर डोकं टेकलं आणि रडले. नर्स येऊन मलाच पाणी देऊन गेली.

पुढचं सरळ नव्हतं. पालकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, बिचारी मुलगी वाचली. दुसरा म्हणे, घरचं प्रकरण चव्हाट्यावर आणायची काही गरज होती का, मराठी माणसाचं नाव गेलं! मी त्या दुसऱ्या तटाला काय काय लिहिलं ते इथे सांगत नाही, मला ग्रुपमधून काढलंय. कंत्राटदाराने खतीजाला घरी बसवायचं ठरवलं. प्रोबर्ट मॅडम स्वतः त्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण नोकरी राहिली. नवे दात मात्र तिने स्वतःच्या पैशांनी बसवले. केस चालू आहे. व्हीकेला त्या दोघींच्या जवळ फिरकायला बंदी आहे.

रिद्धी आणि ईश्वरी आता इंटरनॅशनल सिटीतच आहेत, एका कुटुंबाबरोबर शेअरिंगमध्ये. खोली एवढीशी. ती कोरीव खुर्ची तिथे मावली नाही म्हणून माझ्या घरी आहे. माझा नवरा तिच्यावर शर्ट-पँट टाकतो, मी रोज शिव्या घालते.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मीही त्याच बसने गेले, मॅडमची परवानगी काढून. खोटं कशाला, मला बघायचं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबली, मी आधी चढून बसले. खतीजा दारात उभी, नवे दात, हात अजून थोडा वाकडा. ईश्वरी पायरी चढली. आली! खतीजाने नेहमीचं विचारलं.

"काय, बरी आहेस ना?"

ईश्वरी पायरीवरच थांबली. मागे मुलं खोळंबली. तिने खतीजाकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, "नाही, आंटी. पोट दुखतंय माझं सकाळपासून."

खतीजाने आधी तोंडावर हात घेतला. मग तिने पोरीला जवळ ओढलं, मागच्या सीटवर बसवलं, आपल्या पिशवीतून ओव्याची पुडी काढली आणि चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवली.

"चाव नीट," ती म्हणाली. "आणि दुखायचं थांबलं नाही तर परत सांग. यल्ला तय्यब, चल."